विहारचें तळें आणि मुंबईचें पाणी

महोत्सवाच्या स्मरणिकेंत साधारणतः देवालयाच्या पायाभरणीचा, होऊन गेलेल्या धर्मगुरूंच्या कार्याचा व शाळेच्या उत्कर्षाचा वृत्तांत वाचावयास मिळतो, आणि तो मिळावा हें योग्यच आहे. त्या विषयांवर अधिकारी मंडळी लिहितीलच. आम्हीं प्रस्तुत लेखासाठीं निवडलेला विषय जरा निराळा आहे. तो विषय म्हणजे साष्टीच्या डोंगरांच्या कुशींत पसरलेलें विहारचें तळें. देवालयाच्या स्मरणिकेंत तळ्याची कथा कशास, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, देवालय उभारण्यास जसा दगड व चुना लागतो, तसें गांव नांदण्यास पाणी लागतें; आणि ज्या पाण्यावर आपल्या चार पांच पिढ्या वाढल्या, त्याचा इतिहास हा आपल्या घरचाच इतिहास होय. तो ठाऊक असणाऱ्यांची संख्या दिवसेंदिवस कमी होत आहे, म्हणून हा प्रयत्न.

विहार या शब्दाचे आपल्या भाषेंत दोन अर्थ आहेत. एक, बौद्ध भिक्षूंचें निवासस्थान. दुसरा, आनंदानें केलेला संचार. योगायोगाची गोष्ट अशी कीं, या तळ्याच्या कथेंत भिक्षूही येतात आणि सहलीस येणारे नगरवासीही येतात. परंतु कथेचा मुख्य भाग आहे तो तहानेचा.

डोंगरांतील जुनें पाणी

आजचें मुंबई शहर व उपनगरें यांच्या मधोमध जी डोंगरांची रांग उभी आहे, तींत पाणी सांठवून ठेवण्याची कला इंग्रजांनीं प्रथम आणली असें नाहीं. विहारच्या उत्तरेस, थोड्याच अंतरावर, कान्हेरीचीं प्रसिद्ध लेणीं आहेत. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमारास हीं लेणीं कोरण्यास आरंभ झाला व पुढें कित्येक शतकें तें काम चालू राहिलें. तेथें शंभराहून अधिक लेणीं असून, बहुतेक लेण्यांशेजारीं खडकांत खोदलेलें पाण्याचें टांकें आहे. पावसाचें पाणी वाया जाऊं नये म्हणून खडकांत बारीक पन्हळी कोरून तें या टांक्यांत वळविलेलें दिसतें. लेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांत या टांक्यास ‘पोढी’ असें म्हटलें आहे. लेण्याबरोबर पाण्याची पोढीही दान केल्याचें दाते मोठ्या अभिमानानें लिहून ठेवीत. पाणी देणें हें पुण्य होय, ही समजूत या डोंगरांत दोन हजार वर्षांची जुनी आहे.

सोळाव्या शतकांत, वसई व साष्टी पोर्तुगीजांच्या अंमलाखालीं असतां, जेझुइट धर्मगुरूंनीं याच डोंगराळ भागांत एक ख्रिस्ती खेडें वसविलें व त्यास पवित्र त्रैक्याचें नांव दिलें. पोर्तुगीज कागदपत्रांत तें ‘त्रिंदादे’ या नांवानें येतें. तें खेडें काळाच्या ओघांत नाहींसें झालें. परंतु पवईच्या देवालयाला आजही परमपवित्र त्रैक्याचेंच नांव आहे, आणि तेवढ्यानें त्या पहिल्या वसाहतीची आठवण जिवंत राहिली आहे. इ. स. १७३७ ते १७३९ या काळांत साष्टी व वसई मराठ्यांच्या हातीं आली, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टी आपल्या ताब्यांत घेतली. राज्यें बदललीं, परंतु या दऱ्यांतील ओढे पूर्ववत् वाहत राहिले व पावसाळ्यांतील पाणी माहीमच्या खाडीवाटे समुद्रास मिळत राहिलें.

तहानेलें शहर

इकडे दक्षिणेस मुंबई बेट दिवसेंदिवस गजबजत चाललें होतें. त्या बेटाला नदी नाहीं, मोठा ओढा नाहीं. सभोंवार अथांग पाणी, परंतु तें खारें. गोडें पाणी मिळावयाचें तें विहिरींतून व तळ्यांतून. धोबी तलाव, गोवालिया टँक, दोन टाकी, खारा तलाव, बाबुला टँक, नबाब टँक हीं नांवें आज रस्त्यांचीं व मोहल्ल्यांचीं नांवें म्हणून उरलीं आहेत. परंतु एके काळीं तीं खरोखरीच पाण्यानें भरलेलीं तळीं होतीं. यांतील पुष्कळशीं दानशूर गृहस्थांनीं स्वखर्चानें बांधविलीं किंवा दुरुस्त करविलीं. धोबी तलावास ज्या फ्रामजी कावसजी यांचें नांव मिळालें, ते पारशी गृहस्थ पवईच्या मोठ्या जहागिरीचेही धनी होते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कारण पवईचें नांव पुढें या कथेंत पुनः यावयाचें आहे.

विहिरींचें पाणी सर्वांस सारखें मिळत नसे. ज्याच्या वाडींत विहीर त्याचें पाणी. इतरांनीं पखालवाल्या भिस्त्याकडून विकत घ्यावें किंवा दूरवर हंडे घेऊन जावें. चैत्र वैशाखांत तळीं आटून चिखलाचीं होत, आणि त्याच चिखलांत कपडे धुणें, गुरें पाजणें व पिण्याचें पाणी भरणें अशीं सर्व कामें चालत. पटकीची सांथ अशा वेळीं न येईल तरच नवल.

इ. स. १८४५ मध्यें पाण्याच्या टंचाईनें कंटाळलेल्या नागरिकांनीं गाऱ्हाणें मांडिलें, तेव्हां सरकारनें या प्रश्नाची चौकशी करविली. पुढील कांहीं वर्षांत अभियंत्यांनीं बेटाबाहेरच्या जागा पाहिल्या व मिठी नदीच्या उगमाकडील विहारची दरी त्यांच्या नजरेंत भरली. तरीही कागद कागदांवर चढत राहिले. शेवटीं १८५४ मध्यें पावसानें दगा दिला. त्या प्रसंगीं शहरांतील गुरें माहीमकडे हलवावीं लागलीं, आणि नावांतून व नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडींतून पाणी आणून शहरांतील विहिरींत ओतावें लागलें. बोरीबंदर ते ठाणें ही आपल्या देशांतील पहिली उतारूंची आगगाडी १८५३ सालीं धांवली, हें आपण शाळेंत शिकतों. परंतु तिनें दुसऱ्याच वर्षीं माणसांबरोबर पिण्याचें पाणीही वाहिलें, हें फारसें कोणी सांगत नाहीं. जें काम नऊ वर्षें चर्चेंत अडलें होतें, तें एका कोरड्या वर्षानें पुढें ढकललें.

बांधाचें काम

हेन्री कॉनिबेअर हे या योजनेचे अभियंता. याच गृहस्थांनीं कुलाब्याच्या सेंट जॉनच्या देवालयाचा, म्हणजे ज्यास लोक अफगाण चर्च म्हणतात त्याचा, आराखडा केला होता. त्या देवालयाचा अभिषेक १८५८ मध्यें झाला. म्हणजे एकाच माणसाच्या कागदावर एकाच काळांत एक उंच शिखराचें देवालय व एक खोल दरीचें तळें अशीं दोन कामें वाढत होतीं.

विहारची दरी निवडण्याचें कारण साधें व सबळ होतें. तिच्या भोवतीं डोंगरांचें कडें असल्यामुळें पावसाचें पाणी आपोआप एके ठिकाणीं जमतें. आणि ती शहराहून उंचावर असल्यामुळें कोणत्याही यंत्राच्या मदतीवांचून, केवळ उतारानें, तें पाणी शहरांत नेतां येतें. वाफेच्या पंपाला कोळसा लागतो व कोळसा विलायतेहून आणावा लागे. उताराला कांहींच लागत नाहीं. शहराभोवतालच्या माळावर असें दुसरें स्थळ सांपडणें कठीण होतें.

लॉर्ड एल्फिन्स्टन गव्हर्नर असतां, जानेवारी १८५६ मध्यें काम सुरू झालें व १८६० मध्यें पुरें झालें. दरीच्या तोंडाशीं मातीचा मुख्य बांध घालण्यांत आला. त्याची उंची सुमारें ८४ फूट आहे. परंतु एवढ्यानें भागलें नाहीं. दरीच्या कांठावर दोन ठिकाणीं खिंडी सखल होत्या. पाणी चढल्यावर तें त्या खिंडींतून निसटलें असतें. म्हणून तेथें आणखी दोन लहान बांध घालावे लागले. अशा रीतीनें तीन बांधांनीं दरी बंद झाली व सुमारें १४०० एकर जमीन पाण्याखालीं गेली.

मातीचा बांध म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे. त्याच्या पोटांत मळून मळून लोण्यासारखी केलेली चिकणमाती उभ्या भिंतीसारखी भरतात. पाणी अडवावयाचें तें हिनें. दोन्ही बाजूंची माती या गाभ्याला आधार देते, आणि पाण्याकडील उतारावर लाटांनीं माती धुपूं नये म्हणून दगड बसवितात. तळ्यांतून पाणी घेण्यासाठीं एक बुरूज बांधला असून त्याला निरनिराळ्या उंचीवर तोंडें ठेविलीं आहेत. तळाचें पाणी गढूळ व जड असतें, वरचें तुलनेनें निर्मळ. म्हणून पाणी जसजसें खालीं जाईल तसतसें खालचें तोंड उघडावयाचें, अशी ही योजना. तेथून बिडाच्या मोठ्या नळानें साष्टी ओलांडून पाणी मुंबई बेटांत नेण्यांत आलें.

हें काम चालू असतांच उत्तर हिंदुस्थानांत १८५७ चा उठाव झाला. अशा धामधुमीच्या काळांत, पावसाळ्यांत जेथें हिवतापानें माणूस अंथरुणास खिळावा अशा रानांत, ज्या मजुरांनीं माती वाहिली व चिखल तुडविला, त्यांचीं नांवें कोणत्याही फलकावर नाहींत. कॉनिबेअर यांचें नांव राहिलें, गव्हर्नरांचें राहिलें. आम्ही येथें त्या अनामिकांचें स्मरण करणें आपलें कर्तव्य समजतों.

पाणी आलें, तरी तहान उरली

विहारच्या तळ्यानें आरंभीं शहरास दररोज सुमारें ७० लक्ष गॅलन, म्हणजे सुमारें ३ कोटि २० लक्ष लिटर पाणी दिलें. पूर्वीच्या स्थितीशीं तुलना करितां ही मोठीच क्रांति होती. नळाच्या तोटीस कोणाची वाडी नाहीं व कोणाची मालकी नाहीं. ज्यानें हंडा धरावा त्याचा तो भरावा, हें दृश्य त्या पिढीस अपूर्व वाटलें असल्यास आश्चर्य नाहीं.

परंतु हा आनंद फार दिवस टिकला नाहीं. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस इंग्लंडला जाईनासा झाला, व मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कामाच्या आशेनें चोहोंकडून माणसें येऊं लागलीं. १८६४ च्या शिरगणतींत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. वरील पाणी इतक्या लोकांत वांटलें तर माणशीं नऊ गॅलनहून कमी, म्हणजे सुमारें ३९ लिटर पडतें. आणि त्यांतच गिरण्या, गुरें व बागा यांचाही वांटा. नळ बसविणारांनीं जी मुंबई डोळ्यांसमोर धरली होती, ती नळ पोंचेपर्यंत निराळीच झाली होती.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती. पाणी आंत आणण्याची सोय झाली, परंतु सांडपाणी बाहेर नेण्याची सोय त्या मानानें झाली नाहीं. परिणामीं शहराच्या सखल भागांत जमीन सदा ओली राहूं लागली. पाणी देणें हें अर्धें काम. वापरलेलें पाणी कोठें जातें हें पाहणें हें उरलेलें अर्धें. हा धडा मुंबईनें तेव्हां पुरता गिरविला नाहीं, आणि त्याची शिक्षा पुढील पिढ्यांस कशी मिळाली तें पुढें येईलच.

पाणी अपुरें पडूं लागतांच रिएन्झी वॉल्टन यांच्या सूचनेवरून विहारच्या उत्तरेस, त्याहून उंचावर, तासो नदी अडवून तुळशीचें तळें बांधण्यांत आलें. तें १८७९ मध्यें पुरें झालें. तुळशीचें पाणी मलबार टेकडीवरील टांकींत नेलें, आणि त्या टांकीच्या छपरावर १८८१ मध्यें बाग केली. हीच ती लटकती बाग. सहलीस आलेलीं मुलें जिच्यावर खेळतात त्या हिरवळीखालीं शहराचें पिण्याचें पाणी आहे, याची कल्पना फार थोड्यांस असते.

पुढें फ्रामजी कावसजींच्या त्या पवईंत १८९१ मध्यें आणखी एक तळें घाईघाईनें बांधण्यांत आलें. परंतु त्याचें पाणी पिण्यास चांगलें ठरलें नाहीं, व १८९२ मध्यें शहापूर भागांतील तानसाचें पाणी मुंबईंत येतांच पवईची गरजही सरली. तेव्हांपासून पवईचें पाणी पिण्याव्यतिरिक्त इतर कामांस वापरण्यांत आलें. विहार, तुळशी व पवई हीं तीन तळीं शेजारीं शेजारीं. परंतु दोन शहराचीं पाणपोई झालीं व तिसरें केवळ शोभेचें राहिलें.

गांवच्या विहिरी

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. विहारचें तळें पुरें झालें तेव्हां साष्टी मुंबई शहरांत नव्हती. ती ठाणें जिल्ह्यांत होती. दरी साष्टीची, पाऊस साष्टीचा, परंतु नळ साष्टीच्या गांवांवरून पुढें शहराकडे जाई. साष्टीचीं उपनगरें मुंबईच्या हद्दींत आलीं तीं १९५० व १९५७ या सालीं, म्हणजे तळें बांधल्यावर सुमारें शंभर वर्षांनीं. तोंवर गांवांचा भरंवसा मुख्यतः आपापल्या विहिरींवरच होता.

त्या विहिरी म्हणजे नुसती पाण्याची सोय नव्हती. आपल्या साष्टींतील जुन्या ख्रिस्ती घराण्यांत लग्नाच्या विधींत ‘उंबराचें पाणी’ आणण्याची चाल आहे. नवरदेवाच्या किंवा नवरीच्या स्नानासाठीं वाजत गाजत विहिरीवर जाऊन पाणी आणावयाचें. त्यांत आप्तेष्ट, शेजारी, वाजंत्री सर्व सामील. धर्म बदलला तरी पाण्याविषयींचा आदर बदलला नाहीं, याचें याहून सुंदर उदाहरण कोणतें?

मुंबई शहरांत १९११ मध्यें डॉ. बेंटली यांनीं हिवतापाची चौकशी केली, व विहिरींत डांस वाढतात असें निष्पन्न झाल्यावर अनेक विहिरी झांकण्याचा किंवा बुजविण्याचा सपाटा सुरू झाला. हेतु चांगला होता व त्यानें प्राणही वांचले असतील. परंतु नळाचें पाणी आलें कीं विहिरीकडे पाठ फिरवावयाची ही संवय तेथून वाढली. पुढें उपनगरांतही तेंच झालें. आज पुष्कळ ठिकाणीं उंबराचें पाणी आणावयास विहीरच उरलेली नाहीं.

सहलीचें स्थळ

तळें बांधलें तें तहान भागविण्यासाठीं. परंतु बांधल्याबरोबर तें प्रेक्षणीयही झालें. शहराच्या धुरांतून बाहेर पडून, भांडुपपर्यंत आगगाडीनें व पुढें टेकडीच्या रस्त्यानें, लोक विहारकडे वनभोजनास येऊं लागले. बांधावर उभें राहिलें असतां समोर दूरवर पसरलेलें निळें पाणी, त्यांत मान वर काढणारे टेकड्यांचे माथे व पलीकडे दाट रान, असा देखावा मुंबईच्या इतक्या जवळ दुसरा नव्हता. प्रवाशांसाठीं लिहिलेल्या इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांतही या तळ्याचा उल्लेख येऊं लागला. कान्हेरीचीं लेणीं, तुळशी व विहार अशी यात्रा एकाच दिवशीं करणारे हौशी लोकही असत. पवईच्या तळ्यावर गळ टाकून तासन्‌तास बसणारांचा वर्ग तर आजतागायत आहे.

स्वातंत्र्योत्तर काळांत या डोंगरांचें रूप राष्ट्रीय उद्यानाचें झालें. बोरिवलीचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आज सुमारें १०३ चौरस किलोमीटरांचें असून, विहार व तुळशी या दोन्ही तळ्यांचें पाणलोट क्षेत्र त्यांत मोडतें. एवढ्या अफाट नगराच्या पोटांत बिबट्या फिरतो व तळ्यांत सुसरी मगरी नांदतात, ही गोष्ट परदेशस्थांस खरी वाटत नाहीं. पूर्वीच्या सहली मात्र बंद झाल्या. पाण्याच्या सुरक्षिततेसाठीं विहारच्या कांठीं आतां सर्वसामान्यांस मुक्त प्रवेश नाहीं. ज्यांना लहानपणीं तेथें जाण्याचें भाग्य लाभलें त्यांस याची हळहळ वाटते. परंतु विचारांती हें बंधन योग्यच म्हणावें लागतें. पवईच्या कांठावर जें झालें तें पाहिल्यावर तर यांत शंका राहत नाहीं.

पवईच्या कांठीं प्रवेश मोकळा राहिला, उंच इमारती उठल्या, सांडपाणी तळ्यांत आलें व जलपर्णीनें पाण्याचा पृष्ठभाग झांकून टाकिला. शोभा पाहण्यास आलेल्या नगरानें शोभाच खाऊन टाकिली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. पुढें तेथें कांठाकांठानें सायकलींचा व फिरण्याचा मार्ग बांधण्याचें काम महानगरपालिकेनें हातीं घेतलें. तें मुंबई उच्च न्यायालयानें मे २०२२ मध्यें बेकायदेशीर ठरवून तेथील बांधकाम काढून टाकण्याचा आदेश दिला. तळें हें पाहण्यासारखें असतें तें पाण्यामुळें. पाणी राखलें तर शोभा राहते, शोभेच्या मागें लागलें तर दोन्ही जातात.

मिठीचा कोप

विहारची कथा बांधापाशीं संपत नाहीं. पावसाळ्यांत तळें तुडुंब भरलें कीं सांडव्यावरून पाणी वाहूं लागतें. त्यास पवईचा सांडवा मिळतो, व त्यांतून मिठी नदी होते. ती मरोळ, साकीनाका, कुर्ला, कलिना, वांद्रें या बाजूंनीं वाहत माहीमच्या खाडीस मिळते. सुमारें १८ किलोमीटरांची ही नदी. परंतु तिच्या पात्रांत आम्हीं काय काय टाकिलें नाहीं? गाळ, राडारोडा, कारखान्यांचें पाणी, घरांचा मैला. कांठावर भर घालून तिला अरुंद केलें, विमानतळाच्या धांवपट्टीखालून तिला वळविलें, आणि अखेर ती नदी आहे हेंच लोक विसरून गेले. तिला नाला म्हणूं लागले.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वेळीं समुद्राला भरती होती. मिठीनें त्या दिवशीं आपली जुनी जागा परत मागितली. कुर्ला, कलिना, वांद्रें येथील घरें छपरापर्यंत बुडालीं, शेंकडों माणसें दगावलीं, व लक्षावधि लोकांनीं ती रात्र रस्त्यांत, गाड्यांत किंवा परक्यांच्या घरीं काढिली. त्या रात्रीं देवालयें, मशिदी, मंदिरें व शाळा यांचीं दारें उघडलीं गेलीं, आणि कोण कोणाचा हें कोणीं विचारलें नाहीं. १८६० मध्यें जें अर्धें काम राहिलें होतें, म्हणजे पाणी कोठें जातें हें पाहण्याचें, त्याची किंमत अशी द्यावी लागली.

आजचा वांटा व आजचें ऋण

आज मुंबईस सात तळ्यांचें पाणी मिळतें : विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा व २०१४ मध्यें पुरें झालेलें मध्य वैतरणा. या सर्वांची मिळून उपयुक्त सांठवण सुमारें १४ लक्ष ४७ हजार दशलक्ष लिटर आहे. त्यांत विहारचा भाग सुमारें २७ हजार ७०० दशलक्ष लिटर, म्हणजे शेंकडा दोहोंहूनही किंचित कमी. एके काळीं सर्व शहराला जगविणारें हें तळें आज आंकड्यांच्या हिशेबांत नगण्य झालें आहे. शहराचें बहुतेक पाणी आतां ठाणें व नाशिक जिल्ह्यांतून, शंभर शंभर किलोमीटरांवरून येतें.

यांत एक मर्म आहे, तें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें अशी आमची विनंति आहे. १८६० मध्यें मुंबईची तहान साष्टीच्या दरीनें भागविली, तेव्हां साष्टीचे लोक शहराबाहेरचे होते. आज साष्टी स्वतःच मुंबई झाली आहे, व आपली तहान शहापूर, वाडा, मोखाडा, इगतपुरी या भागांतील दऱ्या भागवीत आहेत. त्या दऱ्यांच्या कांठीं राहणाऱ्या कित्येक पाड्यांतील बायकांना उन्हाळ्यांत आजही डोक्यावर हंडा घेऊन कोसभर चालावें लागतें. विहारच्या भोवतालच्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींच्या पाड्यांनाही नळाच्या पाण्यासाठीं दीर्घकाळ झगडावें लागलें आहे. ज्याच्या अंगणांतून पाणी जातें तोच तहानेला, ही स्थिति पूर्वीं आपली होती. आज ती दुसऱ्याची आहे, व पाणी पिणारे आपण आहोंत.

महोत्सव या कल्पनेचें मूळ जुन्या करारांत आहे. पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें, ऋणें माफ करावीं व ज्याची जमीन त्यास परत द्यावी, अशी ती आज्ञा होती. विहारची दरी आतां कोणास परत देतां येणार नाहीं, आणि देणें इष्टही नाहीं. परंतु ऋण ओळखणें तरी आपल्या हातीं आहे. तें कसें फेडावें याविषयीं आम्हांस जें सुचतें तें थोडक्यांत सांगतों.

गांवांत जी जुनी विहीर अद्याप उरली असेल तिचा गाळ काढावा, तिला जाळी बसवावी व तिचें पाणी बागेस व धुण्यास वापरावें. तेवढें नळाचें पाणी वांचेल, आणि उंबराचें पाणीही पुनः खऱ्या विहिरींतून येईल. देवालयाच्या, शाळेच्या व मोठ्या घरांच्या छपरांवरील पाऊस पन्हळींनीं जमिनींत जिरवावा. कान्हेरीच्या भिक्षूंनीं छिन्नीनें जें केलें तें आपणांस नळानें करतां येण्यासारखें आहे. मिठीला नाला म्हणणें सोडावें व तिच्यांत कचरा टाकणाऱ्याला हटकण्याचें धैर्य दाखवावें. मुलांना सहलीस न्यावयाचें तर राष्ट्रीय उद्यानांत परवानगीच्या वाटेनें न्यावें, कान्हेरीचीं टांकीं दाखवावीं, आणि घरच्या तोटीचें पाणी कोणत्या डोंगरावरून येतें तें त्यांस समजावून सांगावें. आणि जेथें जेथें पाड्यावर नळ मागणारांचा आवाज उठेल, तेथें आपला आवाज त्यांच्या बाजूस असावा.

तीन मातीचे बांध दीडशेंहून अधिक पावसाळे झेलून उभे आहेत. ज्यांनीं ते घातले त्यांस आपण कोण, हें ठाऊक नव्हतें. तरी त्यांनीं घातलेल्या बांधाचें पाणी आपण प्यालों. आपल्यामागून येणारांसाठीं आपणही तेवढें करून ठेवावें, इतकीच या लेखाची इच्छा आहे.